पिकअपचा भरवसा आणि विटांचा हिशेब

कल्याणहून कसाऱ्याकडे जाणाऱ्या लोहमार्गावर शहाड मागे टाकले की आंबिवलीचे स्थानक लागते. उल्हास आणि काळू या नद्यांच्या शेजारचा हा मुलूख. एका अंगास मोहने, दुसऱ्या अंगास अटाळी आणि वडवली. आणि ज्या रेयॉनच्या कारखान्याला सारा परिसर 'एन. आर. सी.' या तीन अक्षरांनीच ओळखत असे, तो कारखाना २००९ साली बंद पडल्यापासून येथे जो उद्योग डोळ्यांत भरतो, तो इमारती बांधण्याचा. टिटवाळ्याकडे आणि त्याही पलीकडे खडवलीपर्यंत वीटभट्ट्या, कल्याण-शहाडच्या बाजूस सिमेंटच्या व लोखंडाच्या वखारी आणि मधल्या पट्ट्यात चहूंकडे उभी राहणारी बांधकामे, अशी सगळी मांडणी असल्यामुळे एका ठिकाणचा जड माल उचलून चार-आठ कोसांवरच्या दुसऱ्या ठिकाणी नेऊन टाकणे, हे येथील अनेक कुटुंबांच्या चरितार्थाचे साधन होऊन बसले आहे. ज्या वाहनावर हा चरितार्थ चालतो, ते वाहन म्हणजे पुढे दोन-तीन माणसांपुरती केबिन आणि मागे उघडा हौदा असलेली पिकअप.

अशी गाडी घ्यावयाची म्हणजे बँकेचे किंवा एखाद्या वित्तसंस्थेचे कर्ज, जामीनदार, पाच वर्षांच्या मुदतीचे हप्ते, विम्याचे आणि पासिंगचे दस्तऐवज, हा सारा व्याप डोक्यावर घेणे आले. आणि म्हणूनच घेणारा मनुष्य ओळखीच्या चार चालकांना आणि दोन मिस्त्रींना गाठून 'कुठली गाडी भरवशाची?' एवढाच प्रश्न पुनःपुन्हा विचारीत असतो. उत्तरादाखल त्याला एखाद्या कंपनीचे नाव मिळते. कोणी महिंद्राचे सांगतो, कोणी टाटाचे, आणि प्रत्येकाजवळ आपापल्या पक्षाच्या समर्थनार्थ दहा-दहा वर्षे विनातक्रार चाललेल्या गाडीची एक तरी कथा असते. या कथा खोट्या असतात असे मला म्हणावयाचे नाही. परंतु एकाच कंपनीची, एकाच साली बनलेली, एकाच रंगाची दोन वाहने एकाच गल्लीत उभी असताना त्यांपैकी एक बारा वर्षे चालते आणि दुसऱ्याचा मागचा आस तिसऱ्याच वर्षी खोलावा लागतो, या नित्याच्या अनुभवाचा उलगडा कंपनीच्या नावाने होत नाही. भरवसा हा केवळ यंत्राचा गुण नसून यंत्र, त्यावर घातलेला भार, त्याच्या चाकाखालचा रस्ता आणि त्याच्या दुरुस्तीची जवळपासची सोय या चौघांमधला तो एक व्यवहार आहे, असे माझे मत आहे. आणि या चौघांपैकी ज्याचा विचार सर्वांत कमी होतो, तो भार.

या वाहनाच्या कुळीविषयी थोडे सांगितले पाहिजे, कारण त्यातूनच त्याच्या स्वभावाचा काही बोध होतो. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैन्याने जीप आणि पाऊण टनी डॉज ही जी दणकट वाहने वापरली, त्यांचा वारसा युद्धोत्तर नागरी वाहनांकडे आला. डॉजची 'पॉवर वॅगन' १९४६ साली थेट त्या लष्करी गाडीवरूनच बेतली गेली. आपल्याकडे १९४५ साली मुंबईत पोलादाच्या व्यापारासाठी निघालेल्या महिंद्र अँड महंमद या पेढीने १९४७ पासून विलीज जीपची जुळणी सुरू केली आणि पुढल्याच वर्षी, भागीदार पाकिस्तानात निघून गेल्यावर, तिचे नाव महिंद्र अँड महिंद्र असे झाले. १९५८ पासून बजाज टेम्पोची तीनचाकी, १९८६ साली टेल्कोची ४०७ आणि त्यानंतर दोन वर्षांनी टाटामोबाईल २०६ ही पिकअप, २००० साली महिंद्राची बोलेरो, आणि २००५ साली 'छोटा हत्ती' या नावाने घरोघर माहीत झालेली, दोन नळकांड्यांच्या एंजिनाची टाटा एस, अशी ही वंशावळ आहे. यांपैकी जीपच्या घराण्यातील वाहनांनी शिडीच्या आकाराची पोलादी चौकट आणि तिच्याखाली पाट्यांच्या स्प्रिंगवर बसवलेला अखंड आस ही रचना आजतागायत सोडलेली नाही. या रचनेत आरामाचा विचार थोडा आणि भाराचा विचार पुष्कळ आहे. एंजिन, गिअरबॉक्स, केबिन, हौदा, सर्व काही त्या चौकटीला नट-बोल्टांनी जखडलेले असते आणि म्हणून कोणताही भाग सुटा करून खाली उतरवता येतो, हा त्या रचनेचा आणखी एक गुण.

आता भाराचा हिशेब पाहू. बोलेरो पिकअपचा जो प्रकार आपल्याकडे रस्तोरस्ती दिसतो, त्याची मालवाहू क्षमता सतराशे किलोंची आहे. दोन टनांचेही प्रकार निघाले आहेत. भट्टीची पक्की वीट साधारण तीन किलो वजनाची धरली तर सतराशे किलोंत साडेपाचशेच्या आसपास विटा बसतात. परंतु विटांचा भाव हजारावर ठरतो, मागणी हजारावर येते आणि बांधकामावरच्या मुकादमाला एका फेरीत हजार विटा उतरून हव्या असतात. तेव्हा हौद्याच्या फळीपेक्षा उंच रचून, वर दोरी ताणून, तीन टनांचा माल सतराशे किलोंच्या गाडीतून नेला जातो. रेतीचा प्रकार याहून फसवा आहे. रेती, खडी, कच हा माल आपल्याकडे वजनाने मोजला जात नाही, ब्रासने मोजला जातो. ब्रास म्हणजे शंभर घनफूट. कोरड्या रेतीचा एक ब्रास साडेचार टनांच्या घरात जातो, म्हणजे अर्धा ब्रासही सव्वादोन टन भरतो, आणि तीच रेती पावसाने भिजलेली असली तर हौद्यातली रास तेवढीच दिसत असूनही वजन आणखी वाढलेले असते. सिमेंटच्या गोण्यांचे मात्र तसे नाही. पन्नास किलोंच्या चौतीस गोण्या मोजल्या की सतराशे किलो पुरे होतात. त्यामुळे सिमेंटवाल्याच्या गाड्या वीटवाल्याच्या गाड्यांपेक्षा दीर्घायुषी ठराव्यात, यात आश्चर्य नाही.

भार दीडपट झाला म्हणजे झीजही दीडपट होईल, अशी आपली स्वाभाविक समजूत असते. ती चुकीची आहे, आणि या चुकीतच बहुतेक गाड्यांचे अकाली मरण दडलेले आहे. १८४२ साली व्हर्सायहून पॅरिसकडे निघालेल्या आगगाडीच्या एंजिनाचा आस मोडून भीषण अपघात झाला, तेव्हा चांगला जाडजूड लोखंडी आस रोजच्या चालीत एकाएकी मोडतो कसा, या प्रश्नाने युरोपातील विद्वानांस ग्रासले. पुढे जर्मनीतील रेल्वेचे अभियंते ऑगस्ट व्होलर यांनी आसांवर वर्षानुवर्षे प्रयोग करून असे दाखवून दिले की, एका झटक्यात जो भार धातू सहज पेलतो, तोच भार लक्षावधी वेळा आलटून-पालटून पडला तर धातू थकतो, आणि भार वाढवला की ही सहनशक्ती फार तीव्रतेने घटत जाते. बेअरिंगांच्या बाबतीत स्वीडनच्या लुंडबर्ग आणि पामग्रेन यांनी १९४७ साली याचे गणितच मांडले. गोळ्यांच्या बेअरिंगचे आयुष्य भाराच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात असते आणि रोलरच्या बेअरिंगमध्ये हा घात तीनाहूनही थोडा अधिक असतो. मागच्या आसावरचा एकूण भार दीडपट झाला तर त्या हिशेबाने रोलर बेअरिंगचे आयुष्य जवळजवळ चौथाईवर येते. दहा वर्षांची वस्तू अडीच वर्षांत संपते, आणि मालक म्हणतो की हल्ली कंपनीने माल हलका वापरायला सुरुवात केली आहे. रस्त्यांचीही तीच गत. १९५८ ते १९६० या काळात अमेरिकेत इलिनॉय संस्थानातील ओटावा येथे मुद्दाम रस्ते बांधून त्यांवर लष्करी चालकांकरवी अहोरात्र ट्रक फिरवण्यात आले आणि रस्त्याचा नाश आसावरील भाराच्या साधारण चौथ्या घाताने वाढतो असे आढळले; म्हणजे दीडपट भाराने पाचपट नुकसान. खड्डे पडलेल्या रस्त्याविषयी महापालिकेच्या नावाने जो बोल लावला जातो, त्यात थोडा वाटा हौद्यात रचलेल्या त्या वरच्या थरांचाही आहे, पण हे कोणी बोलत नाही.

गाडीची स्वतःची सूचना देण्याची एक रीत असते. माल जास्त झाला की मागचे पाटे सरळ होतात, हौदा चाकांवर येऊन बसतो, आणि खड्ड्यात गाडी गेली की आस चौकटीच्या रबरी ठोकळ्यावर आदळून 'धाड' असा आवाज येतो. यावर जो उपाय सर्वत्र केला जातो, तो पाटे वाढवण्याचा. मोहने रस्त्यावरच्या एखाद्या गॅरेजात अर्धा तास उभे राहिले तर असे संभाषण सहज कानी पडते.

"वस्ताद, मागं दोन-दोन पाटे वाढवून द्या. गाडी लय बसते."

"वाढवतो की. पण दादा, मग हाऊसिंग वाकलं तर माझ्या दारात येऊ नको. आधीच सांगतो."

"काय होत नाय हो. सगळेच वाढवतात."

"सगळेच माझ्याकडं येतात पण."

मिस्त्रीच्या या कानउघाडणीत यंत्रशास्त्राचा मर्मभाग आलेला आहे. पाटे वाढवल्याने गाडीची क्षमता वाढत नाही. तिची तक्रार करण्याची शक्ती तेवढी नष्ट होते. पूर्वी जो भार पाट्यांच्या लवचिकपणात काही अंशी जिरत असे, तो आता आसाच्या नळीवर, चाकाच्या बेअरिंगांवर, टायरांच्या कडांवर आणि चौकटीच्या ज्या जागी पाट्याचे कान अडकवलेले असतात त्या जागांवर, खड्ड्यागणिक घणासारखा पडू लागतो. गाडी मात्र बाहेरून बघणाऱ्याला ताठ दिसते, आणि तिच्या त्या ताठपणावर विसंबून मालक साडेपाचशेच्या जागी हजार विटा भरतो.

पाट्यांच्या गठ्ठ्याच्या मध्यभागी एक लहानसा बोल्ट असतो. त्याला सेंटर बोल्ट म्हणतात. सर्व पाटे एकावर एक ठेवून त्यांच्या भोकांतून तो आरपार घातलेला असतो, आणि त्याचे गोल डोके आसावरच्या खाचेत बसून आसाला त्याच्या जागी धरून ठेवते. वास्तविक भार पेलण्याचे काम त्याचे नाही. ते काम दोन्ही बाजूंच्या यू-बोल्टांनी आवळून करावयाचे असते. परंतु नवे पाटे बसवल्यानंतर पहिल्या चार-दोन भरलेल्या फेऱ्यांत पाटे एकमेकांवर दबून यू-बोल्ट ढिले पडतात, ते पुन्हा आवळायचे राहून जातात, आणि पाटे पुढे-मागे सरकू लागले की बोटाएवढ्या त्या सेंटर बोल्टवर कातरणी चालल्यासारखा ताण येऊन तो तुटतो. तो तुटला की मागचा आस एका बाजूने मागे सरकतो आणि गाडी तिरकी धावू लागते. चालकाला स्टिअरिंग एका बाजूला धरून ठेवावे लागते आणि मागून येणाऱ्याला गाडीचे पुढचे व मागचे चाक वेगवेगळ्या रेषांत पळताना दिसते. काही रुपयांचा बोल्ट आणि पान्याचे चार फेरे, एवढ्याने जे टळले असते, त्यासाठी दिवसभराचे भाडे बुडते.

मागच्या आसाच्या रचनेतही एक भेद आहे, जो विकत घेणाऱ्याने अवश्य विचारून घ्यावा. हलक्या गाड्यांत बहुधा चाक थेट आतल्या फिरणाऱ्या दांड्यावर बसवलेले असते. त्या दांड्याने चाक फिरवायचे आणि गाडीचे वजनही पेलायचे. जड गाड्यांत चाकाचा हब आसाच्या बाहेरच्या नळीवर दोन बेअरिंगांवर फिरतो, वजन नळीने पेलायचे आणि दांड्याने केवळ फिरवायचे, अशी कामाची वाटणी असते. पहिल्या प्रकारात दांडा तुटला तर चाक निसटण्याचे भय. दुसऱ्यात दांडा तुटूनही चाक जागेवर राहते आणि गाडी ओढून का होईना नेता येते. अमेरिकेत ज्या पिकअपना 'हेवी ड्यूटी' म्हणतात, म्हणजे फोर्डची सुपर ड्यूटी आणि तिच्या जोडीच्या गाड्या, त्यांचा आस या दुसऱ्या प्रकारचा असतो, आणि त्या नावास त्या पात्र होतात त्या निव्वळ मोठ्या एंजिनाच्या बळावर नव्हे.

येथून निघणाऱ्या गाड्यांची खरी परीक्षा मात्र सपाटीवर होत नाही. शहाडचा पूल ओलांडून मुरबाडच्या रस्त्याला लागले की तो रस्ता टोकावडे मागे टाकीत माळशेज घाट चढून जुन्नरच्या मुलखात जातो, आणि तिकडची भाजी, टोमॅटो, कांदा कल्याणच्या बाजार समितीत उतरविण्यासाठी पिकअपच धावतात. जाताना गाडी रिकामी असते, म्हणून चढाचा त्रास होत नाही. येताना भरलेली असते, आणि म्हणून उतार घातक ठरतो. तीन टनांचे वाहन तीनशे मीटर उंची उतरून आले तर जी ऊर्जा त्याने गमावली, तिच्या उष्णतेवर सुमारे सव्वीस लिटर साधे पाणी उकळीपर्यंत तापवता येईल. चालक जर वरच्या गिअरमध्ये, पाय ब्रेकवर ठेवून उतरला, तर ही सारी उष्णता चार ब्रेकांच्या लोखंडात आणि लायनरांत शिरते. ड्रम तापून फुगतात, लायनरांची पकड निसटते, जळका वास येतो आणि पेडल जमिनीला टेकले तरी गाडी थांबत नाही. ज्या गिअरमध्ये घाट चढलो असतो त्याच गिअरमध्ये उतरावे, एंजिनाच्याच अडसराने वेग धरावा आणि ब्रेक अधूनमधून दाबून सोडावा, हा जुना शिरस्ता आहे. घाटाला मान देण्याचा धडा रेल्वेने फार आधी गिरवला. १८६५ साली कसारा-इगतपुरीचा घाट खुला झाला, त्याचा चढ सदतीसास एक. आंबिवलीवरून धडधडत जाणाऱ्या जड गाड्यांना आजही कसाऱ्याला मागून लोटणारी जादा एंजिने जोडली जातात. एंजिन कितीही दांडगे असले तरी त्याच्या ताकदीला चढाने मर्यादा पडते, हे मान्य करून त्याप्रमाणे तजवीज ठेवणे, हा रेल्वेच्या भरवशाचा पाया आहे.

ओढण्याच्या कामाचा विषय यातूनच निघतो. परदेशी पिकअपच्या जाहिरातींत अमुक इतके टन ओढते, असे मोठ्या अक्षरांत छापलेले असते. पूर्वी हा आकडा जी ती कंपनी आपल्या मर्जीने सांगत असे. अखेर तेथील वाहन-अभियंत्यांच्या संस्थेने २००८ साली एक सामाईक कसोटी ठरवून दिली, आणि तीत ॲरिझोनातील डेव्हिस धरणाजवळचा सुमारे अठरा किलोमीटरांचा चढ, उन्हाळ्याच्या उष्णतेत, वातानुकूलन यंत्र पूर्ण चालू ठेवून, पूर्ण भारानिशी, ठरावीक वेगाखाली न उतरता चढून दाखवण्याची अट घातली. आपल्याकडे पिकअपला ओढायला लावले जाते ते असल्या कसोटीविना. बांधकामावरचे काँक्रीटचे मिक्सर मशीन, दगड फोडणाऱ्या ब्रेकरचा कॉम्प्रेसर, मांडववाल्याचा जनरेटर, ही दोन चाकांची धूडे गाडीच्या मागच्या पट्टीला साखळी किंवा पिन लावून जोडतात आणि अटाळीहून थेट टिटवाळ्यापर्यंत नेतात. त्यांना स्वतःचे ब्रेक नसतात, दिवे बहुधा नसतात. जोडणीवर भार थोडासाच पण निश्चित असावा लागतो. अमेरिकेतील नियम एकूण ओढीच्या दहा ते पंधरा टक्क्यांचा आहे. तो कमी पडला तर मागचे धूड डावी-उजवीकडे झुलू लागते, आणि जास्त झाला तर गाडीचा मागचा भाग दबून पुढची चाके हलकी होतात, म्हणजे स्टिअरिंग हातात असूनही गाडी वळेनाशी होते. बंद पडलेल्या गाडीला दोरीने 'टोचन' करून नेताना तर आणखी एक अवयव बळी पडतो, तो क्लच. चढावर, भरलेल्या गाडीला जोडून, अर्धा क्लच दाबून सुटण्याचा प्रयत्न दोन-तीन वेळा केला की क्लच प्लेटचा वास सर्व गल्लीला समजतो.

पावसाळा हा आमच्या भागातील गाड्यांचा निराळाच शत्रू. २६ जुलै २००५ च्या महापुराची आठवण कल्याण-उल्हासनगर परिसरात अद्याप ताजी आहे. परंतु एवढ्या मोठ्या पुराची वाट पाहण्याचे कारण नाही, गुडघाभर पाणी साचलेला रस्ता पुरेसा आहे. दहा-पंधरा किलोमीटर भरलेली गाडी चालवून आलेला मागचा डिफरेन्शियल तापलेला असतो. तो गार पाण्यात शिरला की आतील हवा आकसते, आणि वाफ जाण्यासाठी ठेवलेल्या बारीक छिद्रातून किंवा जुन्या ऑइल सीलच्या फटीतून पाणी आत ओढले जाते. बाहेरून काहीच दिसत नाही. महिन्याभराने मागून गुणगुणल्यासारखा आवाज येऊ लागतो, मिस्त्री खालचा बोल्ट सोडतो, आणि तपकिरी तेलाऐवजी ताकासारखे पांढरट पाणी भांड्यात पडते. तोपर्यंत क्राउन-पिनियनच्या दातांवर खळगे पडलेले असतात. पाण्यातून गाडी काढल्यावर आठवड्याभरात ते तेल पाहणे, एवढे साधे काम. पण श्रावण-भाद्रपदात कामाची घाई, गणपतीच्या मांडवांची भाडी, आणि तेल पाहायला वेळ कोणाला! खाडीच्या रेतीचा व्यापार जोरात होता त्या काळी, कल्याणच्या रेतीबंदरावरून भरलेल्या गाड्यांतून खारे पाणी ठिबकत जाई आणि चौकटीच्या आतल्या घड्यांत मीठ बसून त्या आतून कुजत असत. आता दगडखाणींची कच आली म्हणून निदान तो एक रोग कमी झाला.

भरवशाचे शास्त्र म्हणून जे आज विद्यापीठांत शिकवले जाते, त्याचा एक मूलारंभ जर्मन अभियंता रॉबर्ट लुसर याच्या विचारात सापडतो. एखाद्या यंत्राचे सगळे भाग चालले तरच ते चालणार असेल, तर सर्व भागांच्या भरवशांचा गुणाकार हा त्या यंत्राचा भरवसा होय, असे त्याचे म्हणणे. प्रत्येकी शंभरात नव्याण्णव वेळा चालणारे शंभर भाग एकत्र आणले तर ते यंत्र शंभरात जेमतेम सदतीस वेळाच चालेल. जितके भाग अधिक, तितका भरवसा पातळ. २०२० च्या एप्रिलपासून लागू झालेल्या बी. एस. सहा मानकाने डिझेल गाड्यांचा धूर निःसंशय स्वच्छ केला, आणि ज्या शहरांत आपली मुलेबाळे श्वास घेतात तेथे ते झाले हे उत्तमच. पण त्यासाठी धुराच्या नळीत काजळी अडवणारी गाळणी आली, ठिकठिकाणी सेन्सर आले. काजळी जाळण्यासाठी त्या गाळणीचे तापमान सहाशे अंशांच्या आसपास जावे लागते. मोहन्याहून अटाळीला आणि अटाळीहून आंबिवली स्थानकाला अशा तुटक फेऱ्या मारणाऱ्या गाडीत ते जातच नाही. मग दिवा लागतो, गाडीची ताकद घटते, आणि चालक म्हणतो की कंपनीने फसवले. अशा गाडीला आठवड्यातून एकदा मुरबाड रस्त्याने किंवा नाशिकच्या महामार्गाने अर्धा-पाऊण तास सलग, जोरात धावू दिले तर ती काजळी जळून जाते. हे विक्रेत्याने किल्ली देताना सांगितले पाहिजे.

आणि येथेच भरवशाची आणखी एक बाजू ध्यानी येते. समजा एक गाडी दर साठ दिवसांनी बिघडते, पण आंबिवलीतच दुसऱ्या दिवशी उभी राहते. आणि दुसरी दोनशे दिवसांनी बिघडते, पण तिचा सुटा भाग बाहेरून मागवावा लागून ती पंधरा दिवस अडून बसते. हप्ता भरणाऱ्याच्या दृष्टीने पहिली गाडी शंभरातले अठ्ठ्याण्णव दिवस कामावर असते आणि दुसरी त्र्याण्णव. जुन्या पंपाच्या डिझेल एंजिनावर आपल्या लोकांचे जे प्रेम आहे, त्याचे मूळ या हिशेबात आहे, जुन्याच्या हळहळीत नाही. म्हणून गाडी घेण्यापूर्वी कंपनीच्या दिखाऊ दालनात जाण्याऐवजी आधी शहाड, कल्याण, भिवंडी येथील सुट्या भागांच्या दुकानांत जाऊन क्लच प्लेट, चाकाचे बेअरिंग, वॉटर पंप, इंजेक्टर हे चार जिन्नस तयार मिळतात की मागवून आणावे लागतात, एवढी चौकशी करावी.

कायद्याचा मुद्दा थोडक्यात सांगतो. कल्याणच्या परिवहन कार्यालयात, म्हणजे ज्याची एम. एच. ०५ ही निशाणी, तेथे मालवाहू गाडीला आठ वर्षांपर्यंत दोन-दोन वर्षांनी आणि पुढे दरवर्षी योग्यतेचा दाखला घ्यावा लागतो. ठरलेल्या वजनापेक्षा अधिक माल नेल्यास २०१९ च्या दुरुस्तीनंतर वीस हजार रुपये आणि जादा प्रत्येक टनास दोन हजार, एवढा दंड आहे, आणि जादा माल उतरवून ठेवण्याचा खर्च वेगळा. फाळक्यावर 'आई एकविरा प्रसन्न' असे ठळक रंगवलेले असते, आणि गाडीचे रिकामे व भरलेले वजन नियमानुसार बारीक अक्षरांत कोठेतरी रंगवलेले असते. ते दुसरे आकडेही वाचावेत.

जुनी गाडी घेणारा असेल त्याने एंजिनाचा आवाज ऐकून किंवा रंग पाहून भुलू नये. खाली वाकून पाट्यांच्या गठ्ठ्यातील पाटे मोजावेत आणि मूळ किती होते ते विचारावे; पाट्यांचे कान अडकवलेल्या जागी चौकटीवर वेल्डिंगचे डाग आहेत का ते पाहावे, कारण वेल्डिंगच्या उष्णतेने शेजारचे पोलाद कमकुवत होऊन त्याच्याच बाजूला पुढची चीर पडते; मागच्या टायरांच्या बाहेरच्या कडा मधल्या भागापेक्षा अधिक झिजल्या आहेत का ते पाहावे. आणि ज्याच्याकडे गाडी आहेच, त्याने एवढे एक करावे: रस्त्यावरच्या कोणत्याही वजनकाट्यावर एकदा रिकामी आणि एकदा नेहमीच्या मालानिशी गाडी उभी करून दोन पावत्या घ्याव्यात आणि त्या वजाबाकीचा आकडा केबिनमध्ये समोर चिकटवून ठेवावा. तो आकडा सतराशेच्या वर दोन-अडीच हजारांत जात असेल, तर पुढची गाडी घेताना त्याच कंपनीची पुन्हा लहान गाडी न घेता ४०७ च्या वर्गातील मोठी गाडी घ्यावी. हप्ता थोडा जड जाईल, पण पाटे वाढवण्याचा खर्च वाचेल आणि गाडी हप्ते फिटेपर्यंत तरी टिकेल.